व्हेनिसमधलं राहतं व्हेनिस

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात व्हेनिसच्या उत्तरेकडच्या कान्नारेज्यो या शांत भागाबद्दल, तिथल्या साध्या लोकवस्तीबद्दल आणि बाकारो नावाच्या छोट्या खाण्यापिण्याच्या जागांबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्या चार ओळींवर बरीच पत्रं आली. वास्तुरचनेचं शिक्षण घेत असताना मी याच भागात, सेन्सा नावाच्या कालव्याकाठी, एका वयस्क सिन्योराच्या, म्हणजे बाईंच्या, घरात खोली घेऊन राहत होते. त्यामुळे ही उत्तरं लिहिताना मला मनापासून आनंद होतोय. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघं व्हेनिसला दोन रात्री राहणार आहोत. सान मार्कोच्या चौकात मुंगी शिरायला जागा नसते असं सगळेच सांगतात. तुम्ही म्हणता तो शांत भाग नेमका कुठे सुरू होतो? आम्हाला वाट सांगाल का?

रेल्वे स्टेशनमधून बाहेर पडलेली माणसं बहुतेक एकाच वाटेने जातात. डावीकडे वळून दुकानांच्या रांगेतून पुढे, मग चार टोकदार खांबांचा ग्वील्ये पूल, मग स्त्रादा नोवा हा रुंद रस्ता आणि शेवटी शहराच्या मध्यातला रियाल्तो. ही स्त्रादा नोवा जुन्या व्हेनिसची नाही. घरं पाडून ती 1871 मध्ये खुली केली. गर्दी त्या रस्त्याने वाहते आणि त्याच्या उत्तरेला दोन-तीन गल्ल्या आत गेलं की आवाज एकदम मागे पडतो.

तुम्ही असं करा. ग्वील्ये पूल ओलांडला की लगेच डावीकडे कालव्याच्या काठाने चाला. थोड्याच अंतरावर उजव्या हाताला घराखालून जाणारी एक बुटकी, अंधारी वाट दिसेल. ती घेट्टोची वाट. 29 मार्च 1516 रोजी व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने शहरातल्या ज्यूंना इथे एका बेटावर राहायला लावलं. रात्री दारं बंद होत आणि पहारेकऱ्यांचा पगारही ज्यूंनीच द्यायचा. वाट चालताना चौकटीच्या दगडाकडे नीट बघा, बिजागऱ्यांच्या खुणा सापडतील. ती दारं 1797 मध्ये नेपोलियनचं सैन्य आल्यावर उखडली गेली.

पुढे एक पूल आणि मग मोठा मोकळा काम्पो, म्हणजे चौक. इथे घाई करू नका. आजूबाजूच्या इमारती बाकीच्या शहरापेक्षा उंच आहेत, सात-आठ मजल्यांच्या, आणि खिडक्या एकमेकींच्या फार जवळ. जागा वाढत नव्हती आणि माणसं वाढत होती, म्हणून मजल्यांवर बुटके मजले चढले. त्या खिडक्यांकडे बघितल्यावर आत सरळ उभं राहता येत असेल का, असं मला दरवेळी वाटायचं. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर ओळीने पाच कमानदार खिडक्या दिसतील. ते 1528 चं जर्मन ज्यूंचं प्रार्थनामंदिर. बाहेरून एवढीच खूण, कारण उठून दिसेल असं काही बांधायला मनाई होती. चौकातल्या भिंतीवर ब्राँझचे फलक आहेत, 1943-44 मध्ये इथून छळछावण्यांत नेलेल्या लोकांच्या स्मरणार्थ. शनिवारी ज्यू संग्रहालय बंद असतं, तेवढं वेळापत्रकात धरा.

काम्पोच्या उत्तरेकडचा लोखंडी पूल उतरलात की ऑर्मेसीनीचा काठ लागतो. तिथून पुढे मिझेरिकोर्दिया, त्याच्या उत्तरेला सेन्सा, त्याच्याही उत्तरेला मादोन्ना देल्लोर्तोचा कालवा. तिन्ही कालवे लांब, सरळ आणि एकमेकांना समांतर. बाकीचं व्हेनिस वेटोळं आहे, हा कोपरा मात्र सरळ रेषेत आखलेला. म्हणून इथे आकाश जास्त दिसतं आणि दक्षिणेकडे तोंड केलेल्या काठांवर हिवाळ्यातही दुपारभर ऊन येतं. म्हाताऱ्या बायका खुर्च्या घेऊन तिथेच बसलेल्या असत.

राहण्याबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते. ऑर्मेसीनी आणि मिझेरिकोर्दियाच्या काठावर आता संध्याकाळी विद्यार्थ्यांची आणि तरुणांची झुंबड असते. शुक्रवारी-शनिवारी मध्यरात्रीपर्यंत पेल्यांचे आवाज ऐकू येतात. शांत झोप हवी असेल तर एक कालवा उत्तरेला सरका. सेन्साच्या काठी किंवा सांत आल्वीझेच्या बाजूला खोली बघा.

प्रश्न : पत्त्यावर नुसतं «कान्नारेज्यो 3399» असं लिहिलेलं असतं. गल्लीचं नाव नाही. अशाने घर सापडतं तरी कसं?

व्हेनिसचे सहा भाग आहेत आणि घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसून अख्ख्या भागात सलग जातात. म्हणून आकडे हजारांत. ते एका भिंतीवरून वळून दुसऱ्या गल्लीत शिरतात, अंगणात जाऊन परत येतात. शेजारच्या दोन दारांमध्ये शंभरांचा फरक दिसला तर गोंधळून जाऊ नका.

खोली ठरवतानाच मालकाकडून गल्लीचं नाव आणि जवळचं चर्च विचारून घ्या. गल्लीचं एकटं नाव पुरत नाही, कारण तीच नावं पुन्हा पुन्हा येतात. भटारखान्याची गल्ली, म्हणजे «काल्ले देल फोर्नो», शहरात ठिकठिकाणी आहे. प्रत्येक वस्तीचा स्वतःचा भटारखाना होता ना! नावं भिंतीवरच गिलाव्याच्या पांढऱ्या चौकोनात काळ्या अक्षरांनी रंगवलेली असतात. अरुंद गल्ल्यांत फोनवरचा निळा ठिपका भरकटतो, त्यामुळे भिंती वाचायची सवय लावून घ्या. पिवळ्या पाट्यांवर रियाल्तो, सान मार्को आणि स्टेशनचे बाण असतात. त्या बाणांच्या मागे गेलात की पुन्हा गर्दीत पोचाल. मी पाहुण्यांना उलटं सांगायची : दमलात की बाण धरा, तोवर नको.

तुम्ही लिहिलेला 3399 हा आकडा कुठून घेतलात ते पत्रात नाही, पण तो तिंतोरेत्तोच्या घराचा आहे. 1594 मध्ये मरेपर्यंत तो चित्रकार तिथेच राहिला. दारावर फलक आहे, आत जाता येत नाही. तिथून मादोन्ना देल्लोर्तोचं चर्च काही मिनिटांवर आहे. ही त्याची रोजची वस्ती होती आणि त्याला पुरलंही त्याच चर्चमध्ये. वेदीच्या दोन्ही बाजूंना त्याची दोन प्रचंड चित्रं आहेत, प्रत्येक साधारण चौदा मीटर उंच. एकात अखेरचा न्यायनिवाडा, दुसऱ्यात सोन्याच्या वासराची पूजा. मोठ्या संग्रहालयांत या चित्रकाराची चित्रं रांगेत उभं राहून बघितलेली असतील, तरीही इथे या. ज्या घरातून तो निघे आणि ज्या भिंतीसाठी तो रंगवी, त्या दोन्ही जागा एका छोट्या फेरफटक्यात आपल्या पायांना कळतात. माझ्यासाठी अख्ख्या शहरात याहून मोलाचं काही नाही. चर्चसमोरच्या अंगणातली आडव्या-तिडव्या विटांची फरसबंदीही बघा. जुन्या काळी असे विटांचे काम्पो बरेच होते, आता फार थोडे उरलेत.

प्रश्न : ताई, आईचे गुडघे दुखतात. चारशेच्या वर पूल आणि प्रत्येकाला पायऱ्या असं वाचलं. तिला नेणं जमेल का?

जमेल, पण दिवसाची आखणी पुलांवरून करा, अंतरावरून नाही. वापोरेत्तो म्हणजे तिथली सार्वजनिक बोट. 4.1, 4.2, 5.1 आणि 5.2 या मार्गांच्या बोटी कान्नारेज्योला वळसा घालतात. ग्वील्ये, त्रे आर्की, सांत आल्वीझे, ओर्तो, फोंदामेंते नोव्हे हे थांबे लक्षात ठेवा. ओर्तो थांब्यापासून मादोन्ना देल्लोर्तो अगदी जवळ आहे. 75 मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरोंचं आणि दिवसाचं 25 युरोंचं, त्यामुळे आईंसाठी दिवसाचंच काढा. दोन-तीनदा चढ-उतार केली की वसूल होतं आणि मग «एवढ्याशा अंतरासाठी कशाला बोट» हा विचार त्यांच्या मनात येणार नाही.

ग्वील्येजवळ साव्होर्न्यान नावाची सार्वजनिक बाग आहे. झाडं, बाकं, खेळणारी मुलं. व्हेनिसमध्ये फुकट बसायची जागा मिळणं अवघड, म्हणून ही आवर्जून सांगतेय. पुलांच्या पायऱ्यांवर मात्र बसू नका. वस्तीतल्या लोकांची तीच वाट असते आणि दंडही होतो.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी, दारूही घेत नाही. तुम्ही लिहिलेल्या त्या छोट्या दारूच्या गुत्त्यांत आमचं काय काम?

बाकारो म्हणजे गुत्ता नव्हे. दुपारी आजोबा नातवाला घेऊन येतात तिथे. काउंटरवर उभं राहायचं, काचेतल्या चिक्केत्ती नावाच्या घासांकडे बोट दाखवायचं, सोबत पाणी किंवा फळांचा रस मागायचा. कोणी वेगळ्या नजरेने बघत नाही.

खाण्यात सावध मात्र राहा, कारण मासे दिसत नाहीत तिथेही असतात. «बीगोली इन साल्सा» ही जाड शेवयांसारखी पास्ता कांद्याच्या रश्श्यातली वाटते, पण त्यात खारवलेले छोटे मासे विरघळवलेले असतात. तळलेल्या पावात चीज भरलेली «मोत्सारेल्ला इन कारोत्सा» व्हेनिसमध्ये बरेचदा मासा किंवा हॅम घालून करतात. तांदूळ-मटारच्या «रीझी ए बीझी»त डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. म्हणून «सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे», मांस नको, मासे नकोत, ही दोन्ही वाक्यं म्हणा. नुसतं पहिलं म्हटलं तर मासा ताटात येईल.

निर्धास्त खाता येईल असं काय? आर्टिचोकचे शिजवलेले बुंधे, लसूण आणि पार्सली घातलेले. वसंतात सांत एराझ्मो बेटावरच्या कोवळ्या आर्टिचोकच्या कळ्या येतात, त्या मिळाल्या तर सोडू नका. हिवाळ्यात त्रेव्हीझोचा लालभडक कडवट रादिक्क्यो ही पालेभाजी भाजून देतात. मक्याच्या पिठाची पोलेंता, चीज, भाज्यांचे पिझ्झे आहेतच. रियो तेरा सान लेओनार्दोवर सकाळी फळं आणि भाज्यांचे ठेले लागतात. हा रस्ता कालवा बुजवून केलेला, नावातच तसं लिहिलंय. फळं स्वतः हाताने निवडू नका. विक्रेत्याला सांगा, तो निवडून देतो.

प्रश्न : मला एक गोष्ट सतावते. तिथे साधे लोक राहतात म्हणून आपण बघायला जायचं, त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढायचे, हे बरोबर आहे का? आपण गेलो की ती वस्तीही बिघडणारच ना?

हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे आभार. पत्र दोनदा वाचलं.

आधी परिस्थिती सांगते. 1951 मध्ये व्हेनिसच्या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. 2022 मध्ये हा आकडा 50,000 च्या खाली गेला. रियाल्तोजवळच्या सान बार्तोलोमेओच्या काम्पोत एका औषधाच्या दुकानाच्या काचेत 2008 पासून रहिवाशांचा आकडा लावलेला आहे. तो दरवेळी कमी झालेला बघून माझ्या पोटात खड्डा पडतो. 2023 मध्ये पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांच्या संख्येच्या पुढे गेल्या. माझ्या सिन्योराच्या जिन्यात पूर्वी सगळ्या दारांवर आडनावं होती. मी निघाले तेव्हा त्यातल्या काही दारांवर किल्लीच्या आकडी कुलुपाच्या डब्या लटकत होत्या. घर पाहुण्यांना भाड्याने गेलं की शेजारी कमी होतो. शेजारी कमी झाले की भाजीवाला उठतो. भाजीवाला उठला की तिथे मुखवट्यांचं दुकान येतं. वस्ती बिघडते ती अशी. गल्लीतून चालणाऱ्या दोन माणसांमुळे नाही.

म्हणून तुमच्या हातात जे आहे ते बरंच आहे. अख्खं घर भाड्याने घेण्याऐवजी छोटं हॉटेल किंवा मालक स्वतः राहतो अशा घरातली खोली घ्या. सकाळची कॉफी काठावरच्या बारमध्ये उभ्याने प्या, दीड युरोच्या आसपास पडते. आत शिरताना «ब्वोंजोर्नो» म्हणा. तो शब्द न म्हणता थेट काही मागणं तिथे उद्धटपणाचं मानतात. गल्लीत उजव्या बाजूने चाला, पुलाच्या मधोमध थांबू नका. रोजचं सगळं सामान, दूध, सिमेंट, पुस्तकं, बोटीने येतं आणि मग ढकलगाडीने दारापर्यंत जातं. त्या गाड्यांना पुढे दोन छोटी चाकं असतात, पुलाच्या पायऱ्यांवर टेकवायला. मागून «आत्तेन्सियोन!» अशी हाक आली की लगेच भिंतीला लागून उभं राहा. तो माणूस भरल्या गाडीने चढ चढतोय, त्याला थांबवणं म्हणजे त्याची सगळी ताकद वाया घालवणं.

फोटोंचं म्हणाल तर कपड्यांचे काढा, माणसांचे विचारल्याशिवाय नको. आणि «कोर्ते» असं नाव लिहिलेल्या अंगणात शिरताना क्षणभर थांबा. वाड्याच्या चौकात परका माणूस मोबाइल उगारून उभा राहिला तर आपल्याला कसं वाटेल, तसंच तिथे वाटतं. सिन्योरा सकाळी झगा घालून कचऱ्याची पिशवी द्यायला दाराशी उतरे, कारण तिथे माणसं दारोदार येऊन कचरा नेतात. पिशवी आदल्या रात्री बाहेर ठेवली तर समुद्रपक्षी फाडून टाकतात. तशा वेळी तिच्यावर कॅमेरे रोखले जात. ती काही बोलत नसे, पण त्या दिवशी मग खिडकी उघडत नसे.

पैशांचं एक. 2024 पासून ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. 2025 मध्ये असे 54 दिवस होते. आधी भरलं तर 5 युरो, उशिरा भरलं तर 10. तुम्ही रात्री राहणार असाल तर शुल्क माफ, कारण मुक्कामाचा कर हॉटेलात द्यावाच लागतो. पण माफीची नोंद ऑनलाइन करून कोड जवळ ठेवावा लागतो. जायच्या आधी त्या वर्षीच्या तारखा पालिकेच्या संकेतस्थळावर बघा.

प्रश्न : आमची मुलं नऊ आणि सहा वर्षांची. चर्च आणि चित्रांना कंटाळतील. त्यांना काय दाखवू?

मोरी नावाच्या काम्पोत भिंतीत फेटेवाल्यांचे दगडी पुतळे आहेत. कोपऱ्यातल्या रियोबाला लोखंडाचं नाक बसवलंय, ते लोक हात लावून लावून गुळगुळीत करतात. मादोन्ना देल्लोर्तोच्या काठावर उभं राहून पलीकडच्या वाड्याच्या भिंतीत सामान लादलेला उंट शोधायला सांगा. बोटी ओळखायला लावा : रुग्णवाहिका, कचऱ्याची, पार्सलांची, धोबीघराची, अग्निशमन दलाची. रस्त्यावर आपण जे ट्रक आणि गाड्या बघतो, त्या सगळ्या तिथे पाण्यावर असतात. मुलं तासभर काठावरून हलणार नाहीत.

आणि विहिरी. प्रत्येक काम्पोत मधोमध दगडी कट्टा दिसेल, वर लोखंडी झाकण. भोवताली खाऱ्या पाण्याचं तळं असलेल्या शहरात गोडं पाणी कुठून येणार? काम्पोखाली मोठा खड्डा खणून त्याला चिकणमातीचं अस्तर देत आणि वाळू भरत. फरशीतल्या भोकांतून पावसाचं पाणी आत जाई, वाळूतून गाळत मधल्या विटांच्या कूपात साठे. 1884 मध्ये मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं आणि विहिरी मिटल्या. फरशीतली ती भोकं मुलांना शोधू द्या. घेट्टोच्या काम्पोत अशा तीन विहिरी आहेत.

सान फेलीचेजवळ कियोदो नावाचा बिनकठड्याचा पूल आहे. पूर्वी बरेच पूल असेच असत. बघायला जरूर जा, पण सहा वर्षांच्याचा हात घट्ट धरा.

प्रश्न : पुराची भीती वाटते. नोव्हेंबरमध्ये जाऊ नये का?

नोव्हेंबर 2019 मध्ये पाणी भरतीच्या मापपट्टीवर 187 सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं (ही रस्त्यावरच्या पाण्याची खोली नव्हे), ती दृश्यं तुमच्या मनात असणार. ऑक्टोबर 2020 पासून खाडीच्या तीन मुखांशी 78 पोलादी झडपांचे अडसर भरतीच्या वेळी उभे करतात. साधारण 110 सेंटिमीटरच्या वरचा अंदाज असला की ते उचलले जातात. त्याखालच्या भरतीत सखल जागी, विशेषतः सान मार्कोच्या चौकात, पाणी येऊ शकतं, पण काही तासांत ओसरतं. उलट 21 नोव्हेंबरला नक्की असा. 1630-31 च्या प्लेगमधून सुटका झाली म्हणून त्या दिवशी अख्खं शहर सालूतेच्या चर्चला मेणबत्ती लावायला जातं. त्या दिवशी पर्यटकांपेक्षा व्हेनिसचेच लोक जास्त दिसतात.

प्रश्न : गोंडोलाचे नव्वद युरो परवडत नाहीत. काही उपाय?

स्त्रादा नोवावरच्या सांता सोफियाच्या काठावरून गोंडोलासारख्याच होडीतून मोठा कालवा ओलांडता येतो. तिला त्रागेत्तो म्हणतात. बाहेरच्यांना माणशी 2 युरो. दोन नावाडी असतात, बरेच स्थानिक उभ्यानेच जातात, तुम्ही बसा. पलीकडे रियाल्तोचा बाजार लागतो, म्हणून सकाळीच जा. दुपारनंतर तिथे सगळं आवरलेलं असतं आणि मासळीबाजार रविवारी-सोमवारी बंद असतो.